प्रति: क्लच घसरतोय, नुसती प्लेट बदलू का?

क्लच घसरत असेल तर नुसती क्लच प्लेट बदलून फारसे पैसे वाचत नाहीत. खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची, म्हणून प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर ती पकड सोडवणारं रिलीज बेअरिंग एकदमच बदला. गिअरबॉक्स खाली आहे तोवर इंजिनच्या क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सीलही (तेल अडवणारी रबरी कडी) बघून घ्या. तिथून तेल झिरपत असेल तर नवी प्लेटही घसरणारच.

पण त्याआधी क्लचची केबल तपासा! क्लच पेडलला सुरुवातीची थोडी ढिलाई नसेल तर धडधाकट क्लचही घसरतो. ढिलाई ठीक असूनही चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) चढला आणि वेग तिथंच राहिला, तर क्लच गेला समजा.

स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कट-कट येत असेल तर ते क्लचपेक्षा वेगळं दुखणं, बहुधा बाहेरच्या सीव्ही जॉइंटचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा सांधा). चाकामागे त्या सांध्यावरचा रबरी बूट (आवरण) फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. आवाज सुरू व्हायच्या आत पकडलंत तर नवा बूट आणि ग्रीस पुरतं.