धंदा बंद केला म्हणजे माणूस बुडाला का?

उद्यमनगरवाला: कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं मशिनशॉप आहे, कास्टिंगचं जॉबवर्क. दिवाळीनंतर शटर ओढतोय. पार्टी नव्वद दिवसांनी पेमेंट देते, पोरांचा पगार मात्र दर दहा तारखेला. परवा जेवताना सासरे सगळ्यांदेखत म्हणाले, "आमचा जावई बाबूराव पेंटर झालाय." बाबूराव म्हणजे मूकपटांच्या काळातले कोल्हापूरचे सिनेमावाले; सासऱ्यांच्या मते नादापायी कंपनी बुडवणारा माणूस. खरंच बुडाले होते का ते?

रंकाळ्याचे काका: सासऱ्यांना निम्मीच गोष्ट ठाऊक आहे. भाऊ आनंदराव 1916 ला गेले, तरी बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा इथंच जुळवला. पैसा उभा केला गायिका तानीबाई कागलकरांनी. त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी. 1925 चा 'सावकारी पाश' बघा. देवादिकांच्या कथा चालत होत्या तेव्हा या माणसानं कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी पडद्यावर आणला! त्या शेतकऱ्याचं काम केलं व्ही. शांतारामांनी. पुढं 1929 ला दामले, फत्तेलाल, शांताराम बाहेर पडले आणि कोल्हापुरातच 'प्रभात' फिल्म कंपनी काढली. ही सगळी माणसं तयार झाली कुणाच्या स्टुडिओत? बुडाले कसले!

पाटील_शिरोली: काका, ऐकायला झकास. पण शिष्यांचं नाव झालं म्हणून मालकाचा गल्ला भरत नाही. हाताखालची हुकमी माणसं एका दमात गेली, मागोमाग बोलपट आले, कंपनी बंद पडली. धंद्यात हरले, तसंच म्हणा की. मला पटतं ते पुढचं. मूळचा पेंटर माणूस, नाटकाचे पडदे रंगवणारा. परत चित्रं आणि शिल्पाकडं वळला. 1936 ला तोच 'सावकारी पाश' बोलपट करून पुन्हा काढला. कंपनी गेली, हात शाबूत होता. भावा, तुझ्या हातात काय आहे ते सांग. सासऱ्यांचं सोड.

उद्यमनगरवाला: फिक्स्चर, म्हणजे मशीनवर जॉब पकडून ठेवायची साधनं, बरी बनवतो. एक पार्टी ड्रॉइंग घेऊन मागं लागलीय, ॲडव्हान्स द्यायला तयार आहे. पण लेथ तर सगळ्याच विकायला काढल्यात.

पाटील_शिरोली: सगळ्या कशाला? चांगली एक ठेव, मिलिंग तर अजिबात देऊ नकोस. बाकीच्यांचं बँकेला आधी विचार, तारण असतील तर परस्पर विकता येणार नाहीत. आणि भंगारवाल्याला दाखवायच्या आधी फोटो टाक इथं. लेथचा बेड किती फुटी आहे?