डाउनहिल लाँगबोर्डिंगला बाईकचं फुलफेस हेल्मेट चालेल का?

चाकावरचा_चाकरमानी
मंडळी, मी पोर्टलंडला असतो, लाँगबोर्ड (लांब स्केटबोर्ड) चालवतो, आतापर्यंत डोक्यावर साधं अर्धं हेल्मेट. आता आमचा ग्रुप मेरीहिलच्या उतारावर फ्रीराइडला (शर्यत नाही, नुसतं मोकळं उतरणं) चाललाय आणि तिथे फुलफेस, म्हणजे हनुवटीसकट तोंड झाकणारं हेल्मेट, नसेल तर उतरूच देत नाहीत. माझ्याकडे पुण्याहून आणलेलं बाईकचं फुलफेस पडून आहे, आयएसआय मार्कवालं, चांगलं दणकट. ते चालेल की उगाच दोन-अडीचशे डॉलर घालवायचे? आणि हो, मला चष्मा आहे.

उतारू
आधी एक कर. ते हेल्मेट घाल, घरातच बोर्डवर उभा राहा आणि पूर्ण टकमध्ये जा, छाती मांडीवर, हात पाठीमागे. आता समोर बघ. भिंत दिसते का हेल्मेटची वरची कड? बाईकवर माणूस बसलेला असतो, नजर सरळ, त्या हेल्मेटची खिडकी त्याच हिशोबाने कापलेली असते. टकमध्ये डोकं खाली आणि डोळे वर, म्हणजे आपण खिडकीच्या वरच्या टोकातून बघतो, मग दिसत नाही म्हणून मान ताणायची, त्यात वर दीड किलोचं ओझं, खाली पोचेपर्यंत मानेचे बारा वाजतात. टीएसजी पास, प्रेडेटर डीएच6 वगैरे हेल्मेटं खास यासाठीच बनवलेली आहेत, वजन किलोच्या आसपास आणि खिडकी ऐसपैस.

सर्टिफिकेट बघायचं तर एएसटीएम एफ1952 हे अमेरिकन मानक शोध. आहे ते डाउनहिल सायकलवाल्यांचं, पण त्यात हनुवटीच्या पट्टीची वेगळी टेस्ट असते. नुसतं सीपीएससी किंवा ईएन 1078 (साध्या सायकल हेल्मेटची अमेरिकन आणि युरोपियन मानकं) असेल तर त्यात हनुवटीचं काही तपासतच नाहीत, आणि फुलफेस घ्यायचं कशाला, थोबाड वाचवायलाच ना!

घाटातला_गियरवाला
असहमत. बाईकच्या हेल्मेटला जास्त जोराच्या धक्क्याला तपासतात, ते कमी कसं काय? आणि स्वस्तात हवं असेल तर माउंटन बाईकचं फुलफेस घ्यावं की, एफ1952 बऱ्याच जणांवर असतं.

उतारू
कमी आहे असं कुठे म्हटलं, टकमध्ये आंधळं आहे म्हटलं. माउंटन बाईकवाल्याला पुढे छज्जा असतो, वेगात वारा त्याच्याखाली शिरला की डोकं मागे खेचलं जातं, तो काढून टाकावा लागतो. वर काच नाही, म्हणजे गॉगल आला. मेरीहिल कोलंबिया नदीच्या खोऱ्यात आहे, तिथला वारा बघितलायस का?

चष्मिष_ताई
चष्म्याचं मी सांगते. हेल्मेट आधी, चष्मा नंतर. काडी सरळ आणि पातळ हवी, कानामागे वळणारी असेल तर आत जातच नाही आणि गेली तर तासाभरात कानशील ठणकतं. कॉन्टॅक्ट लेन्स झेपत असतील तर बेस्ट.

साइझसाठी भुवयांच्या जरा वर टेप फिरवून माप घे, कंपनीगणिक तक्ता वेगळा असतो, त्यामुळे "मी नेहमी एल घेतो" हे इथे चालत नाही. नवीन हेल्मेटमध्ये गाल दाबले जाऊन बोलताना आतून चावले गेले पाहिजेत, तेवढं घट्ट हवं, कारण गालाचे पॅड पुढे बसतातच. मग पट्टा लावून मागच्या कडेला हात घालून पुढे ढकल, निघून आलं तर दुकानातच ठेवून ये.

बाकी खरा वैताग वाफेचा. स्टार्टला उभं राहून श्वास सोडला की आधी काच, मग चष्मा. नंबर येईपर्यंत काच वर ठेव, निघताना खाली. आतून अँटीफॉग लाव, आणि कृपा करून काच टीशर्टने कोरडी पुसू नकोस, चरे पडले की समोरच्या उन्हात सगळं पांढरं दिसतं.

चाकावरचा_चाकरमानी
टक करून बघितला, समोर फक्त गालिचा आणि बोर्डाचा पुढचा ट्रक (चाकांचा आस) 😂 बाईकचं बाद. एकाकडे सेकंडहँड टीएसजी पास अर्ध्या किमतीत मिळतंय, तो म्हणतो एकदाच पडलोय, वरून ओरखडासुद्धा नाही. घेऊ का?

उतारू
नको रे बाबा. आतलं थर्माकोल एकदा दबलं की दबलं, पुन्हा फुगत नाही, आणि वरून कवच चकचकीत असू शकतं. "एकदाच" जोरात आपटलेलं हेल्मेट संपलेलं असतं. नवीनच घे, पासबरोबर दोन काचा येतात, एक पारदर्शक एक काळी. संध्याकाळच्या रनला पारदर्शक लाव, काळीतून डांबरातल्या भेगा दिसत नाहीत.