मदत हवी आहे : बनावट आवाजाची क्लिप कशी ओळखावी आणि तक्रार कोठे करावी?

खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, ग्रामपंचायत निवडणुकीची चर्चा सुरू असतानाच, एका स्थानिक उमेदवाराच्या आवाजातील ४० सेकंदांची क्लिप फिरत असून, तीत त्यांनी माघार घेतल्याचे ऐकू येते. ते स्वतः मात्र साफ नाकारतात. आवाज हुबेहूब आहे, पण बोलणे थेट पुण्याच्या वृत्तनिवेदकासारखे आहे, आणि आमच्याकडे तसे कोणी बोलत नाही. शिवाय मध्ये कोठेही श्वास घेतल्याचे जाणवत नाही. तरीही वडीलधाऱ्या मंडळींचा क्लिपवरच विश्वास आहे.

केंद्रीय निवडणूक आयोगाने मे २०२४ मध्ये राजकीय पक्षांना, असा बनावट मजकूर निदर्शनास आल्यापासून 3 तासांत हटवण्यास सांगितले होते. मात्र ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि येथे उमेदवार पक्षचिन्हावर लढत नाहीत. मग ती सूचना आम्हाला कितपत लागू होते? तक्रार तहसीलदारांकडे करावी की थेट सायबर पोलिसांकडे, आणि ती मराठीत दिल्यास स्वीकारतात का? फॉरवर्ड होत आलेली क्लिप पुरावा म्हणून कशी जपावी, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.