दशमांश देतो, पण देताना आनंद होत नाही. काय करावं?

सातपूरची सून
सर्वांना जय ख्रिस्त. मी अंबडला एका कंपनीत पॅकिंगला आहे, मिस्टरांची रिक्षा आहे. पगार झाला की घराचा हप्ता, मुलाची फी, सासूबाईंची औषधं, आणि उरलेल्यातून दशमांशाचं, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला द्यायचं, पाकीट. चुकवत नाही आम्ही. पण पाकिटात नोटा घालताना डोक्यात लाइटबिल असतं. आनंद नसताना दिलेलं अर्पण देवाला चालतं का? दहावा भाग हातात येणाऱ्या पगारावर धरायचा की कपातीआधीच्या? त्यात कापणीचा सण जवळ आलाय, तेव्हा वेगळं द्यावं लागेल.

जेलरोडकर
ताई, आम्ही हातात येतो त्यावर काढतो. पीएफ मिळेल तेव्हा त्यातला काढू. यावरून घरात वाद नको.

जुना खजिनदार, शरणपूर रोड
बेटा, आनंदाचं विचारतेस म्हणून सांगतो, "संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो" हे बायबलमधलं वचन प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहिलं तेव्हा विषय दशमांशाचा नव्हता. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी मदत गोळा होत होती. करिंथची मंडळी वर्षभर आधी हो म्हणाली होती, पण काम रखडलं होतं. पौल त्यांना दाखला देतो मासेदोनियाच्या मंडळ्यांचा, ज्या स्वतःच हलाखीत होत्या. आणि त्याच पत्रात स्पष्ट सांगतो, जवळ असेल त्या मानाने द्या, नसेल त्या मानाने नाही. करिंथकरांस दुसरे पत्र, आठवा आणि नववा अध्याय दोघांनी बसून सलग वाचा.

त्या वचनात संतोषाच्या आधी "मनात ठरवल्याप्रमाणे" आहे. तू उरलेल्यातून काढतेस, म्हणजे दर महिन्याला नव्याने ठरवतेस, आणि दर महिन्याला लाइटबिल समोर उभं राहतं. पगाराच्या दिवशी पहिलं पाकीट भर, मग हप्ता. रक्कम आज झेपेल तेवढीच ठेव. ती कमी झाली म्हणून देव दूर जात नाही.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. पौल ते पैसे एकटा घेऊन गेला नाही. कोणी दोष लावू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली. पेटी दोघांनी मोजावी, हिशेब सभेत वाचावा, ही शिस्त तिथलीच. आपला पैसा कुठे गेला हे कळलं की देणाऱ्याचा हात मोकळा होतो. तुमच्या मंडळीच्या पंचांना हिशेब विचार, तो तुझा हक्क आहे. आपल्या नाशिकच्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुलं शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट १८७३ मध्ये आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचा देह किनाऱ्याकडे नेणाऱ्यांत होता. त्या मुलांना कधी न पाहिलेल्या माणसांच्या अर्पणांवर ते काम चाललं.

निफाडचा बागायतदार
माझा आनंद मला बायबलच्या लेवीय पुस्तकात, १९व्या अध्यायात सापडला. द्राक्षमळा झाडून नेऊ नको, गळालेले मणी गोळा करू नको, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. मालकाने कोणाला द्यायचं हे निवडायचंच नाही. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याहून माणसं खुडणीला येतात. एक्स्पोर्टचा माल क्रेटमध्ये गेला की शेवटच्या ओळीला आम्ही कात्री लावत नाही. संध्याकाळी त्यांची पोरं वेलीखाली बसून घड खातात, हनुवटीवरून रस गळत असतो. भाव पडला त्या वर्षीही ती ओळ सोडली. बायको म्हणाली, ही ओळ आपली नव्हतीच.

सातपूरची सून
काका, दादा, खूप आभार. दोन्ही अध्याय काल रात्री वाचले, मिस्टरांनी मोठ्याने वाचले. रक्कम ठरली, आधीपेक्षा थोडी कमी आहे, पण आता पगाराच्या दिवशीच निघेल. शेजारच्या आजींचं महिन्याचं पीठ दळून द्यायचं, हेही ठरलं. सासूबाई म्हणतात ते त्यांच्याकडे. कापणीच्या सणाला दारातल्या झाडाचा कढीपत्ता जुड्या बांधून नेईन म्हणते. सणाला आणलेल्या वस्तूंच्या लिलावात घेतात ना तो?

जुना खजिनदार, शरणपूर रोड
घेतात. सकाळी ताजा तोड, आणि उपासनेआधी वेदीजवळ ठेव.