अनुभव धागा: ऑफिसचा बिघडलेला प्रिंटर आणि त्याच्या जागी आलेला

शाळालिपिक_अमळनेर
आज भंगारवाला गेटवर ओरडत आला आणि मुख्याध्यापक म्हणाले, स्टोअरमधलं ते लेझर प्रिंटरचं धूड देऊन टाका एकदाचं. काट्यावर टाकलं तेव्हा मला ती 30 एप्रिल आठवली. दुसऱ्या दिवशी 1 मे, म्हणजे निकाल. बाहेर 44 अंश, आत कूलर घरघरतोय, आणि निकालपत्रकावर बोट फिरवलं की पोराचं नावच पुसलं जातंय! गणितातले 35 बोटाला लागून येताहेत. शेवटी पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सवाल्याकडे रात्री अकरापर्यंत बसलो, पैसे खिशातून.

तो प्रिंटर कसा आलेला? तीन दरपत्रकं मागवली, सर्वांत कमी दर मंजूर. रिफिल कितीला, ड्रम (ज्याच्यावरून अक्षर कागदावर उतरतं तो रूळ) कुठे मिळतो, मशीन बिघडलं तर कोण येणार, हे विचारायला दरपत्रकात रकानाच नसतो. खोक्यावर 'महिन्याला 10,000 पाने' छापलेलं वाचून आम्ही खूश. तो आकडा म्हणजे मशीन जास्तीत जास्त किती ताण सोसेल तो. रोजच्या कामासाठी शिफारस त्याच्या कितीतरी खाली असते, ती पुस्तिकेच्या आत बारीक अक्षरात.

नवीन घेताना आधी रिमं मोजली. वर्षाला 40, म्हणजे 20,000 पानं. पण एकट्या एप्रिलमध्ये 5,000! मग ब्रदर कंपनीचा 2321डी लेझर प्रिंटर घेतला. ड्रम वेगळा, टोनर (छापायची पूड) वेगळा, दोन्ही बाजूंनी छापतो. टोनर 2,600 पानांचा, ड्रम 12,000 चा. टोनर संपला म्हणून ड्रम फेकायचा नाही. तुमच्याकडे कुठला टिकला? आणि कुठल्याने रडवलं तेही लिहा, कंपनीचं नाव नको.

केळीगाडी_रावेर
एचपीचा लेझरजेट 1020. 2009 पासून. गाड्यांच्या पावत्या, दुसरं काही नाही. त्याच्यावर दोनदा केळीचा चीक पडला, एकदा आमचे आबा झोपले. चालू आहे.

शाळालिपिक_अमळनेर
आबा प्रिंटरवर झोपले??

केळीगाडी_रावेर
डोकं टेकवून. गरम लागत होता म्हणाले, जानेवारी होता.

सेतूताई_शिरपूर
इन्व्हर्टरवर लावू नका!! जूनमध्ये ॲडमिशनची गर्दी, उत्पन्नाच्या दाखल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत, लाइट गेली. मी हुशारी केली, प्रिंटर इन्व्हर्टरवर टाकला. पहिलं पान निघेपर्यंत इन्व्हर्टर कोंऽऽ करून बसला, सोबत कॉम्प्युटर पण गेला, भरलेला फॉर्म गेला. लेझरच्या आतला हीटर 200 अंशांच्या आसपास तापतो, त्या क्षणी करंट केवढा तरी ओढतो. तुमच्याकडे पण प्रिंट देताना ट्यूब लुकलुकते का? तेच ते. आता कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, प्रिंटर सरळ भिंतीतल्या सॉकेटला. लाइट नसली की लोकांना सांगते चहा पिऊन या. कुकर झाला वाटतं, येते.

जिभाऊ_साक्री
आमनाकडे बी हाईच व्हयनं भो. मशीन बरं शे, करंट बरा नही.

गोलाणी_मेकॅनिक
जळगावात 16 वर्षं हेच करतोय म्हणून जरा लांबण लावतो.

लिपिक भाऊ, बोटाने अक्षर पुसलं जाणं म्हणजे फ्यूझर, ताईंनी सांगितला तो आतला हीटर, बिघडलाय. टोनर ही प्लॅस्टिकची पूड, ती वितळून कागदात बसायला पाहिजे. फ्यूझरवरची फिल्म फाटली किंवा व्होल्टेज पडलं की ती नुसती वर पसरते. तुमचा कूलर आणि प्रिंटर एकाच बोर्डावर होते का? खरं सांगा.

डाग पडत असेल तर पट्टी लावून मोजा. 1020 किंवा कॅननच्या 2900 ला दर साडेसात सेंटीमीटरला तोच ठिपका आला तर ड्रमला ओरखडा आहे, कारण ड्रमचा घेर तेवढाच. मेकॅनिकने "बोर्ड गेला" सांगितलं तर आधी ही पट्टी दाखवा. (माझ्या धंद्यावर मीच पाय देतोय.)

ही दोन मशीनं आपल्याकडे का टिकली? 1020 च्या कार्ट्रिजचा (टोनरच्या डब्याचा) नंबर 12ए, 2900 च्या 303, दोन्ही जवळजवळ सख्खे भाऊ. रिफिल अडवणारी चिप नाही, पावडर तीच, रोलर कुठल्याही तालुक्याला मिळतो. पण त्याच ड्रमवर पाच-पाच रिफिल मारायचे आणि पान काळं येतं म्हणून बोंबलायचं, हे चालत नाही. कार्ट्रिजची 2,000 पानं सांगतात ती पानाचा 5 टक्केच भाग छापला जाईल असं धरून. तुमच्या रकाने-रेघांच्या तक्त्यांना तो हिशोब लागू नाही.

आणि जिनिंगजवळ ऑफिस असेल तर सध्या कापसाचा सीझन, प्रिंटरवर कापड टाकत जा. छापताना नाही, बंद असताना! एकाने छापताना टाकलं होतं. मागच्या महिन्यात पारोळ्याहून एक मशीन आलं, "कागद अडकतो". उघडलं तर फ्यूझरमध्ये पाल. पापड झाला होता.

सेतूताई_शिरपूर
ई शी दादा, जेवत होते मी

पतसंस्था_चोपडा
पाल नाही, पण टोनर सांडलाय माझ्या अंगावर, पांढऱ्या शर्टावर, ऑडिटच्या दिवशी. घरी बायकोने लगेच गरम पाण्यात भिजवला. झालं, कायमचा बसला. गार पाण्यानेच धुवायचं असतं, आणि त्याआधी कोरडा झटकायचा.
बाकी लेझर कितीही चांगला घ्या, पासबुकाला डॉट मॅट्रिक्सच (पिना ठोकून छापणारा) लागतो. त्याचा तो कर्कश आवाज आला की सभासदांना व्याज जमा झाल्यासारखं वाटतं.

नवीनदुकान_शहादा
मग इंकटँक, म्हणजे शाईच्या टाकीवाला प्रिंटर, का नाही घेत कोणी? पान स्वस्त पडतं ना

शाळालिपिक_अमळनेर
मे महिना सगळी शाळा बंद. जूनमध्ये उघडलं की शाई सोडणारं हेड सुकलेलं. लेझरची पूड सुकत नाही. तुमचं दुकान रोज चालू, तुम्हाला परवडेल.
मेकॅनिक दादा, हो. कूलर, प्रिंटर आणि सरांची चहाची किटली, तिन्ही एकाच बोर्डावर. म्हणजे बिचारा उगाच भंगारात गेला की काय?

गोलाणी_मेकॅनिक
फिल्म बदलून चालला असता बहुतेक. किती मिळाले?

शाळालिपिक_अमळनेर
नका विचारू. शिपायाने तेवढ्यात सगळ्यांना चहा पाजला, तोही अर्धा कप.

केळीगाडी_रावेर
मेकॅनिक दादा, माझा 1020 सर्व्हिसिंगला आणतो रविवारी. येताना बामणोदची भरिताची वांगी आणू का? मस्त हिरवी आलीत.

गोलाणी_मेकॅनिक
आणा की. रविवारी दुकान बंद असतं पण वांग्यांसाठी उघडतो. काट्यांसकट आणा, मागच्या वेळी एकाने देठ कापून दिलेली.

जिभाऊ_साक्री
मी बी येस. प्रिंटर नही मनाकडे.