घरचं माणूस यूएनला गेलं तेव्हा : मागे राहिलेल्यांनी लिहा

परवा भाचेसुनेचा फोन आला. भाचा मिलिटरीत आहे, पुढच्या महिन्यात यूएन मिशनवर दक्षिण सुदानला निघालाय. म्हणाली, "आत्या, वर्षभर मी करायचं काय?" मी म्हटलं, तुला करायला काही कमी पडणार नाही, काळजी करू नकोस. फोन ठेवला आणि वाटलं, हे काही उत्तर झालं नाही. म्हणून हा धागा.

पराक्रम नको. त्यासाठी युनिटचा इतिहास आहे, मेडल आहेत. दूध, बँक, पोराच्या तापाची रात्र, तलाठी, परत आल्यावरची भांडणं, असलं लिहा. मी सुरुवात करते.

२०१२ साली आमचे हे काँगोला होते, गोमा शहराजवळ. मी दोन पोरांना घेऊन पुण्यात एसएफ क्वार्टरमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : नवरा फील्डला किंवा बाहेरदेशी असला की बायकापोरांना राहायला मिळतं ते क्वार्टर. अख्ख्या ओळीत बाप्या माणूस नाही. गॅसची टाकी बदलायची, पाल हाकलायची, फ्यूज बघायचा, सगळं एकमेकींच्या जिवावर.

रोज रात्री साडेदहाला फोन यायचा. तिकडं तेव्हा सात वाजलेले, साडेतीन तासांचा फरक. दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता. २० नोव्हेंबरच्या मंगळवारी फोन आला नाही. बुधवारी सकाळी टीव्ही लावला. त्या आठवड्यात टीव्हीवर काय होतं ते सगळ्यांना आठवत असेल. शनिवारी बाळासाहेब ठाकरे गेले, रविवारी शिवाजी पार्क, आणि बुधवारी सकाळी आमच्याच पुण्यात येरवड्याला कसाबला फाशी. शेजारीण पेढे घेऊन आली. मी चॅनेल बदलत गेले. एका इंग्रजी चॅनेलच्या खालच्या पट्टीत 'गोमा' एवढं दिसलं आणि पट्टी पुढं सरकली. ती परत फिरून येईल म्हणून मी टीव्हीसमोर उभीच. किती वेळ, माहीत नाही. हातातला पेढा पाघळला होता.

एम-२३ नावाच्या बंडखोरांनी मंगळवारी गोमा ताब्यात घेतलं होतं, हे मला संध्याकाळी सायबर कॅफेतून धाकट्या दिरानं सांगितलं. सासूबाईंना आम्ही सांगितलंच नाही. नंतर कळलं, त्यांना ते माझ्याआधी गावातून कळलं होतं आणि मला कळू नये म्हणून त्या गप्प होत्या!

शुक्रवारी फोन आला.

"काय करतेस?"

"मेथी निवडतेय."

"हिकडं पाऊस लय आहे."

मागून काहीतरी धडधड वाजत होतं. विचारलं, ते काय? म्हणाले, जनरेटर. पुढं तीन वर्षांनी एका लग्नात त्यांचे जोडीदार भेटले. बोलता बोलता मी जनरेटरचं काढलं. ते जेवता जेवता सहज म्हणाले, "वहिनी, आमचा जनरेटर त्या आठवड्यात बंदच होता."

आता तुम्ही लिहा.

दत्ताची_ताई :
माझे वडील १९८७ ला शांतिसेनेत श्रीलंकेला होते, जाफन्याकडं. मी तिसरीत. पत्राच्या पत्त्यावर गावाचं नाव नसायचं, नुसते नंबर आणि एपीओ, म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस. त्यामुळे आईच्या लेखी अण्णा 'एपीओला' होते. कुणी विचारलं तर ती तेच सांगायची, जसं काही मिरजेच्या पुढचं स्टेशन आहे.

बातमी म्हणजे आकाशवाणी पुणे, सकाळी सात पाच. त्या दहा मिनिटांत चुलीवरचा चहा उतू गेला तरी कुणी उठायचं नाही. दिल्लीच्या बातम्यांत जवानांचे आकडे सांगायचे, नावं नाही.

खरी गंमत पोस्टमनची. गावात तेव्हा चौदा-पंधरा घरांतली माणसं लंकेत. पोस्टमन सायकलवरून वेशीत दिसला की बायका दारात. एकदा त्यानं कुणाच्या तरी हातात तार दिली आणि ती बाई वाचायच्या आधीच खाली बसली. तार रजेची होती. तेव्हापासून तो लांबूनच ओरडायला लागला, "बरं हाय! बरं हाय!" पुढं पुढं नुसतं वीजबिल असलं तरी तसंच ओरडायचा. अण्णा १९९० ला सगळ्यांबरोबर परत आले. पोस्टमनला आईनं धोतरजोडी दिली.

बंदरावरची :
नेव्हीवाल्यांचं लिहिलं तर चालेल ना? २००८ पासून एडनच्या आखातात चाच्यांच्या बंदोबस्ताला आपलं एक तरी जहाज असतंच. आमचे दोनदा जाऊन आलेत. जहाज कधी सुटणार, कधी येणार, हे सांगायचं नसतं, आणि फोन लागेल तेव्हा लागेल. मग आम्हाला कळतं कसं? पार्लरमुळे. एकाच आठवड्यात बिल्डिंगमधल्या सात-आठ जणींनी अपॉइंटमेंट घेतली की पार्लरवाली समजते, जहाज येतंय. एकदा मला तिच्याकडूनच कळलं. मी आपली पिठाचा डबा घेऊन गिरणीत चालले होते.

नेसरीकडची :
माझं छोटंसं आहे, पण इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

९ एप्रिल २०१३. दक्षिण सुदानमध्ये बोरकडं निघालेल्या यूएनच्या ताफ्यावर हल्ला झाला, आपले पाच जण गेले. आमचे तेव्हा त्याच देशात. टीव्हीवर दुपारपासून 'पाच भारतीय' एवढंच. नावं नाहीत. मी गावी होते, घराच्या रस्त्याला तोंड करून बसलेली. त्या दिवशी रस्त्यानं एक जीप आली. ती कारखान्याची होती, वळून गेली.

रात्री फोन आला. आवाज ऐकला आणि मी हसले. मोठ्यानं हसले, सासरे बाहेरून आत आले. मग लक्षात आलं की आपल्याला फोन आला म्हणजे कुठल्यातरी पाच घरांत तो आला नाही. दोन दिवसांनी पाडवा होता. मी गुढी उभारली नाही. सासूबाईंनी का म्हणून विचारलं नाही, काठी परत माळ्यावर ठेवून दिली.

वेणीवाला_बाबा :
इथं सगळ्या बायका लिहितायत, मी उलटा. माझी बायको सीआरपीएफमध्ये. म्हणजे निमलष्करी, पण घरच्यांचं दुखणं एकच. लायबेरियात यूएनसाठी आपल्या बायकांची पोलीस तुकडी २००७ पासून २०१६ पर्यंत होती. यूएनच्या इतिहासातली पहिली अशी तुकडी. राजधानी मन्रोव्हियात राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर पहारा, रात्रीची गस्त. आमची ही २०१४ साली होती. इबोलाचं साल.

मुलगी पाच वर्षांची. मला वेणी येत नव्हती. पहिला महिना शाळेत केस मोकळे सोडून पाठवली, बाईंनी डायरीत शेरा दिला. मग रात्री व्हिडिओ कॉलवर हिनं शिकवायला सुरुवात केली. नेट अडखळायचं. दोन पेड उचलले की चित्र थांबायचं, आणि मी हातात केस धरून तसाच बसलेला. महिन्याभरानं जमलं. पाच पेडांची सुद्धा येते आता. लग्नात विचारतात.

आईचं म्हणणं, सुनेला नोकरी सोडून यायला सांग. मी म्हटलं, माझा भाऊ सीमेवर असता तर त्याला सांगितलं असतंस का? आठ दिवस बोलली नाही. पण डबा रोज दिला.

परत आल्यावर हिनं २१ दिवस स्वतःला वेगळं ठेवलं. इबोला अंगात लपून राहतो तो जास्तीत जास्त तेवढे दिवस, म्हणून. मुलगी कालनिर्णयवर रोज एक फुली मारायची आणि दाराबाहेर बसून आईशी बोलायची. बाविसाव्या दिवशी ही बाहेर आली, मुलीला जवळ घेतलं, केस बघितले आणि म्हणाली, "भांग वाकडा काढलाय." सांगायचं काय, एवढ्या वर्षात मला इतका राग कधी आला नव्हता.

निमूताई :
@वेणीवाला_बाबा, भांग वाकडा :) आमच्याकडे 'पोळ्या जाड झाल्या' होतं.

डोंबिवली_टू_नॉरफोक :
देश दुसरा आहे, पण विषय हाच म्हणून लिहिते. नवरा अमेरिकन नेव्हीत, आयझेनहॉवर या विमानवाहू जहाजावर. १४ ऑक्टोबर २०२३ ला नॉरफोकहून निघालं, १४ जुलै २०२४ ला परत आलं. मोजून नऊ महिने. मला कळलं ते निघून पंधरा दिवस झाल्यावर. पुढचा हिशोब तुम्ही करा.

जहाज तांबड्या समुद्रात. मुक्काम एकदा वाढला, मग परत वाढला. आई बाळंतपणाला डोंबिवलीहून आली, डिंकाचे लाडू घेऊन, आणि त्याच्या दुप्पट व्हॉट्सॅप ग्रुप घेऊन. मे संपता संपता येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी जाहीर केलं की आम्ही आयझेनहॉवरवर हल्ला केला. पाठोपाठ जहाज पेटल्याचे खोटे व्हिडिओ. ते मला इथल्या कुणी नाही पाठवले, आमच्याच मामांनी पाठवले. खाली लिहिलेलं, 'जावईबापू कसे आहेत?' आईनं त्यांना फोन करून काय सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही, पण डोंबिवली फास्टच्या गर्दीत शिकलेली भाषा होती ती.

जहाज धक्क्याला लागलं की ज्यांना मागे बाळ झालंय अशा बापांना आधी उतरवतात. रांगेत आईच सगळ्यात पुढं, हातात औक्षणाचं ताट. निरांजन लावू देणार नाहीत हे मी घरीच सांगितलं होतं. तिनं सुपारी आणि अंगठी ओवाळली.

रिटायर_हवालदार :
दुसरी बाजू मांडतो. मी स्वतः जाऊन आलोय. आधी पैशाचं. यूएनला गेला म्हंजे पोतं भरून डॉलर आणले, असं गावात सगळे समजत्यात. यूएन दर शिपायामागं महिन्याला चौदाशे डॉलरच्या वर देतं, खरं आहे. पण ते सरकारला. शिपायाच्या हातात यूएनकडनं दिवसाला एक डॉलर अठ्ठावीस सेंट. बाकी आपल्या सरकारचा बाहेरदेशचा भत्ता, तो चांगला असतो, नाही म्हणत नाही. त्यात माझं स्लॅब पडलं. पण उसनं मागायला येणारे त्याच्याआधी आले आणि तोंड द्यायला घरात मंडळी एकटी.

दुसरं. मी परत आलो तर घरात माझं काही कामच उरलं नव्हतं. पोरगी सहलीचा कागद घेऊन आली, माझ्या अंगावरनं गेली आणि आईची सही घेतली. मी खुर्चीतच. आठ दिवस मी मोटार चालू करायला जायचो तर बायको म्हणायची, "राहू दे, तिची तऱ्हा निराळी हाय." विहिरीवरची मोटार ओ, माझीच बसवलेली! जाताना मी तिला सगळं शिकवून गेलो होतो. येताना मला कुणी शिकवणार, हे डोक्यात नव्हतं.

आणि मलेरियाच्या गोळ्या. परत आल्यावर चार आठवडे घ्यायच्या असत्यात. मी घरी आलो, आता कसला मलेरिया, म्हणून सोडल्या. जत्रेत हुडहुडी भरली. गावच्या डॉक्टरानं साधा ताप म्हणून दोन दिवस काढले. बायकोनंच सांगितलं, "आफ्रिकेतनं आलेत, रक्त तपासा." म्हणून आज लिहितोय.

जुना_क्लार्क :
भाचेसुनेसाठी कोरडं पण कामाचं. नवरा निघायच्या आधी एवढं करून घ्या. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्करी कागदावरची नोंद, निघाली आहे का ते विचारा. कागदावर लग्नच नसेल तर क्वार्टरपासून कार्डापर्यंत सगळं अडतं. मूल झालं तर त्याचीही निघाली पाहिजे. नॉमिनी कोण आहे ते बघा. निम्म्या पोरांच्या कागदावर लग्नाआधीचं आईचंच नाव असतं. ते बदलताना घरात महाभारत होतं, पण तो असताना झालेलं बरं. बँक खातं दोघांच्या नावावर, आयदर ऑर सर्व्हायवर, म्हणजे दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं. जमिनीचं काही चालू असेल तर मुखत्यारपत्र इथंच करा, तिकडं गेल्यावर वकिलातीची वारी आहे. पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड त्याच्याजवळच राहू दे, परत येताना ते नसलं तर विमानतळावरून सहा दिवस वेगळं ठेवतात. आणि रिअर पार्टीच्या, म्हणजे युनिटच्या मागे राहिलेल्या लोकांच्या, सुभेदार साहेबांचा नंबर मोबाइलमध्ये नको, भिंतीवर लिहा. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी चार्जिंग नसतं.

धागाकर्ती :
क्लार्कसाहेब, भिंतीवरचं वाचून हसले. आमच्या त्या क्वार्टरच्या भिंतीवर आधीच्या तिघींनी लिहिलेले नंबर होते. चुना मारतानाही पुसू दिले नव्हते कुणी.

तलाठ्याचं माझं राहिलंच. वारसनोंदीला ह्यांची सही पाहिजे म्हणून मला पाच हेलपाटे घालायला लावले. सहाव्यांदा मी सासूबाईंना घेऊन गेले. त्या तिथं खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पोरगा येईपर्यंत बसते." अर्ध्या तासात घेतला अर्ज.

भाचेसून :
आत्या, सगळं वाचलं. रात्री ह्यांनाही वाचून दाखवलं, जनरेटरचं ऐकून गप्प झाले. नॉमिनी खरंच आईंचं नाव निघालं. महाभारत चालू आहे. एकच विचारायचं, बरोबर खायला काय देऊ? सामानाचं वजन ठरलेलं आहे.

नेसरीकडची :
मेतकूट. पापड देऊ नका, मोडतात.

रिटायर_हवालदार :
कांदा-लसूण मसाला द्या, पण पिशवीत नको, फिरकीच्या स्टीलच्या डब्यात द्या. माझी पिशवी फुटली होती. यूएनच्या निळ्या टोपीला अजून वास येतोय.