चेंडू झेलता येत नाही म्हणून क्लास?
ताई, साडेतीन वर्षांच्या मुलाला चेंडू झेलता येत नाही, क्लास लावू का, असं विचारलंय तुम्ही. लावू नका. या वयात मुलं चेंडू छातीशी कवटाळतात, नुसत्या हातांनी झेलणं नंतर येतं.

मी खानापूरजवळ अंगणवाडीत शिकवते. आम्ही जुन्या मोज्यात चिंध्या भरून चेंडू करतो. रबरी चेंडू अंगावर आला की पोरं डोळे मिटून तोंड फिरवतात, मोज्याच्या चेंडूला भीत नाहीत. आधी समोरासमोर बसून घरंगळत द्यायचा, मग टप्पा पाडून, मग हातभर अंतरावरून अलगद. सुरुवातीला फुगा घेतलात तर फारच छान. सावकाश खाली येतो, त्यामुळे नजर त्याच्यावर टिकते.

पावसाळ्यात आमच्याकडे अंगणाचा चिखल होतो, तेव्हा सोप्यात खडूनं ठिकरीची घरं आखायची. लंगडी साधारण चौथ्या वर्षी जमते, तोवर बेडूकउड्या.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये ३-४ वर्षांच्या मुलांसाठी रोज किमान १८० मिनिटं हालचाल सांगितलीय, त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी. पाऊण तासाच्या क्लासात ती कुठून व्हायची? संध्याकाळी गल्लीतली चार पोरं बोलवा. आणि चेंडू सुटला की ‘अरेरे’ तेवढं म्हणू नका, कळकळीनं सांगते.